अडकईचे मूळ



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी चार पाने लिहा, असे कार्यकारिणीच्या भगिनींनी मला सांगितले, तेव्हा एखादी पाककृती द्यावी असेच प्रथम मनात आले. लेख लिहिण्याची मला सवय नाही आणि माझे शिक्षणही सातवीपर्यंतच झालेले. पण गेल्या चैत्रातल्या हळदीकुंकवाच्या वेळची एक गोष्ट मनातून जाईना. गप्पांच्या ओघात रक्तदाबाचा विषय निघाला. आपल्यापैकी एका भगिनीने पर्समधून कागदाची पुडी काढून दाखवली आणि ती म्हणाली, "ही जंगलातली मुळी आहे. रक्तदाबावर अगदी रामबाण. झाडपाल्याचे औषध, त्यामुळे अपाय काही नाही." आणखी दोघीतिघींनी ती कोठे मिळते याची चौकशी केली. मुळीचे नाव विचारले तेव्हा "सर्पगंधा" असे उत्तर आले. ते ऐकून माझ्या काळजात चर्र झाले. का, ते पुढे सांगेनच. पण त्या आधी या मुळीची कथा सांगावीशी वाटते, कारण ती आपल्या मुंबईशी आणि कोकणातून येथे आलेल्या आपल्या घराण्यांशी फार जवळून बांधलेली आहे. माझी धाकटी मुलगी औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयात शिकते. तिने ग्रंथालयातून पुस्तके आणून रात्री जेवणे आटोपल्यावर मला वाचून दाखवली. त्यातले जे समजले ते येथे मांडीत आहे.

सर्पगंधा हे झुडूप अगदी लहान असते. हातभर, फार तर दीड हात उंचीचे. पाने चकचकीत हिरवी, बहुधा तिनातिनाच्या झुबक्याने फांदीभोवती लागलेली. फुले पांढरी, त्यांचे देठ लालसर, आणि फळे मटाराएवढी, पिकली की जांभळटकाळी. सह्याद्रीच्या उतारावर, दमट सावलीच्या जंगलात ते आपोआप उगवते. कोकणात त्याला अडकई म्हणतात, काही ठिकाणी हरकी म्हणतात. आपल्या कुंडीतली सदाफुली, देवळाजवळचा चाफा, कुंपणाची कण्हेर आणि देवपूजेची तगर ही सगळी या झुडपाची भावंडे, म्हणजे एकाच कुळातली. या कुळाची गंमत अशी की सदाफुलीपासून कर्करोगावरची औषधे निघाली, आणि कण्हेर मात्र जीव घेते. घरात सगळीच मुले सारख्या स्वभावाची नसतात, तसेच हे!

सर्पगंधेचा गुण पाना-फुलांत नाही, मुळात आहे. मूळ वाकडेतिकडे, वरून मातकट, आतून पिवळसर पांढरे, वासाला काही नाही आणि चवीला कडूजहर. चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत सर्पगंधेचे नाव येते ते मुख्यतः विषावरच्या औषधांमध्ये. तिला नाकुली असेही म्हणत. नकुल म्हणजे मुंगूस. मुंगूस सापाशी झुंजण्यापूर्वी हे मूळ चघळते आणि म्हणून त्याला विष चढत नाही, अशी समजूत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. आता शास्त्रज्ञ सांगतात की मुंगसाचे शरीरच नागाच्या विषाला दाद देत नाही, शिवाय त्याची चपळाई मोठी. मुळीचा त्यात काही वाटा नाही. म्हणून सर्पदंशावर ही मुळी उगाळून लावीत बसू नये. साप चावला तर एकच मार्ग, सरळ इस्पितळ गाठणे आणि सर्पविषावरची लस टोचून घेणे. आपल्या परळची हाफकिन संस्था या लसीसाठी सर्व देशात नावाजली गेली, हे आपल्याला ठाऊकच आहे.

मुंगसाची ही गोष्ट युरोपात प्रथम पोचवणाऱ्यांपैकी एक होता गार्सिया द ऑर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य. तो १५३४ साली गोव्यास आला आणि १५६८ साली तेथेच वारला. हिंदुस्थानातल्या औषधींविषयी त्याने लिहिलेला ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. आपल्या देशात छापखाना येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. भगिनींनो, आश्चर्याची गोष्ट ही की आपले मुंबई बेट त्या काळी याच वैद्याकडे पोर्तुगीज राजाने खंडाने दिलेले होते. मुंबईत आपल्या जागेत वर्षातून दोनदा फळणारे आंब्याचे झाड आहे, असे त्याने मोठ्या कौतुकाने लिहून ठेवले आहे. सापाच्या विषावर चालणाऱ्या मुळ्यांविषयीही त्याने लिहिले, आणि त्यातली एक आपली सर्पगंधाच असावी असे जाणकार मानतात. मात्र ज्याने येथल्या वैद्यांकडून आणि हकिमांकडून इतके शिकून घेतले, त्याच्या नशिबी शेवट बरा नव्हता. तो जन्माने ज्यू घराण्यातला होता. त्याच्या मरणानंतर, १५८० साली, धर्मन्यायालयाने त्याची हाडे उकरून जाळली.

पुढे या झुडपाला युरोपीय पंडितांनी रावोल्फिया असे नाव दिले. रावोल्फ नावाचा एक जर्मन वैद्य सोळाव्या शतकात सीरिया आणि इराककडे वनस्पतींचा शोध घेत हिंडला होता, त्याच्या सन्मानार्थ हे नाव. तो बिचारा हिंदुस्थानात कधी आलाही नव्हता! आमच्या कोकणातल्या ज्या बायांनी हे झुडूप ओळखले, जपले, मुलांना दाखवले, त्यांचे नाव कोठेच नाही. असो.

आता मला आवडलेली गोष्ट सांगते. इंग्रजी अमदानीत मुंबईला डॉ. विल्यम डायमॉक नावाचे एक गृहस्थ सरकारी औषधभांडाराचे काम पाहत. बाजारात काष्ठौषधी विकणाऱ्यांकडे आणि साध्या माणसांकडे विचारपूस करून त्यांनी पश्चिम हिंदुस्थानातल्या वनस्पतींची माहिती गोळा केली. त्यांचा आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचा मोठा ग्रंथ १८९० ते १८९३ या काळात तीन भागांत निघाला. त्यात सर्पगंधेविषयी असे लिहिले आहे की, दक्षिण कोकणातून मुंबईस मजुरीसाठी येणारे बहुतेक लोक या मुळीचा थोडा साठा जवळ बाळगतात आणि पोटाच्या दुखण्यावर तिचा गुण मानतात. कोकणात पटकीवर ती सापसंदाच्या मुळीबरोबर देतात, तापावर किराइताबरोबर देतात, आणि पोटशूळावर कुड्याच्या आणि मोगली एरंडाच्या मुळाबरोबर दुधातून देतात, हेही त्यात नोंदले आहे.

मुलीने हे वाचून दाखवले तेव्हा माझे डोळे भरून आले. कारण आमच्या आजेसासूबाई, म्हणजे माझ्या यजमानांच्या आजी, राजापूर तालुक्यातल्या. लग्न होऊन त्या लालबागच्या चाळीत आल्या तेव्हा दहा बाय दहाच्या खोलीत गावाकडचे चौदा पुरुष पाळीपाळीने झोपत. त्यांना खानावळीसारखे जेवण घालायचे, धाकटी मुले सांभाळायची आणि आल्यागेल्याच्या दुखण्याखुपण्याकडेही पाहायचे. गिरणीतल्या रात्रपाळीच्या माणसांना वेळी-अवेळी खाऊन पोटात मुरडा येई. मग आजी खुंटीवरचा बटवा काढीत. त्यात वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, हळकुंड, सागरगोटा आणि चिंधीत बांधलेले अडकईचे मूळ. मी या घरात आले तेव्हा त्या ऐंशीच्या घरात होत्या. गिरण्यांच्या १९८२ सालच्या संपानंतर आमचे कुटुंब मुलुंडला आले, तेव्हा भांड्याकुंड्यांबरोबर तो बटवाही आला. म्हणजे डायमॉकसाहेबांनी ज्यांच्याविषयी लिहिले, त्याच परंपरेतली आमची माणसे होती.

आजी अडकई देत त्याची रीत मी डोळ्यांनी पाहिली आहे. सहाणेवर दुधाचे किंवा पाण्याचे चार थेंब घ्यायचे आणि मुळीचा एक वेढा द्यायचा. दुसरा वेढा मागितला तर त्या देत नसत. "ही गुळाची ढेप नव्हे," असे म्हणत. लागोपाठ दुसऱ्या दिवशी देत नसत. गर्भारणीला तर हातही लावू देत नसत. लहान मुलांना कधीच नाही. मला तेव्हा वाटे, म्हातारीचा कंजूषपणा आहे. आज कळते की तो कंजूषपणा नव्हता. त्यांच्या सासूने त्यांना मूळ दिले तसे मापही दिले होते.

कोकणात ही मुळी पोटासाठी होती, तर उत्तरेत बिहारकडे ती डोक्यासाठी होती. तेथल्या बाजारात ती "पागल की दवा" म्हणूनच विकली जाई. वेडाच्या भरात ओरडणाऱ्या, रात्र रात्र न झोपणाऱ्या माणसाला ती दिली की तो शांत होतो, हे तेथल्या लोकांना फार पूर्वीपासून माहीत होते. १९३१ साली कलकत्त्याचे कविराज गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर ही मुळी उपयोगी पडते, असे त्यांनी रोग्यांवरील अनुभवाने सांगितले. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमा सिद्दिकी या रसायनशास्त्रज्ञांनी मुळीतून पाच निरनिराळे क्षार वेगळे काढले. हे काम त्यांना हकीम अजमल खान यांनी सुचवले होते. हकीमसाहेब १९२७ सालीच वारले होते, म्हणून एका क्षाराला त्यांनी अजमलीन असे त्यांचे नाव दिले. पुढे १९३४ साली हिमालय ड्रग कंपनीने मुळीच्या गोळ्या 'सर्पिना' या नावाने बाजारात आणल्या. कंपनीचे संस्थापक मोहम्मद मनाल यांनी ब्रह्मदेशात बेचैन हत्तींना ही मुळी चारताना पाहिले आणि त्यावरून त्यांना कल्पना सुचली, अशी हकिकत ती कंपनी सांगते.

यानंतर कथेत आपल्या मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील येतात. त्यांचा जन्म १९११ सालचा, पारशी कुटुंबातला. विलायतेत शिकून ते मुंबईस परतले आणि परळच्या के. ई. एम. रुग्णालयात हृदयरोगाचे काम करू लागले. त्या काळी रक्तदाब वाढलेल्या रोग्याला देण्यासारखे डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते. पडून राहा, मीठ सोडा, झोपेचे औषध घ्या, एवढेच. अमेरिकेचे अध्यक्ष रुझवेल्ट यांच्यासारख्या थोर पुरुषाचा रक्तदाबही कोणाला आवरता आला नाही आणि १९४५ साली मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. जेथे अध्यक्षांची ही गत, तेथे गिरणीतल्या मजुराला कोण वाचवणार?

डॉ. वकिलांनी सर्पगंधेचा अनुभव अनेक वर्षे घेतला. नुसते "गुण येतो" असे म्हणून ते थांबले नाहीत. त्यांनी पन्नास रोगी निवडले, औषध देण्यापूर्वी त्यांचा रक्तदाब मोजला, नंतर आठवड्या-आठवड्याने पुनःपुन्हा मोजला, आणि कोणाला किती उतार पडला, कोणाला काय त्रास झाला, हे सारे लिहून ठेवले. तो निबंध १९४९ साली विलायतेतल्या हृदयरोगविषयक नियतकालिकात छापून आला. बहुतेकांचा रक्तदाब चार आठवड्यांत खाली आला होता. हे वाचून परदेशच्या डॉक्टरांचे डोळे उघडले. अमेरिकेत बोस्टनच्या डॉ. विल्किन्स यांनी मुळी मागवून प्रयोग केले. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या म्युलर, श्लिटलर आणि बाइन या तिघांनी मुळीतला मुख्य गुणकारी क्षार वेगळा केला आणि त्याला रेसर्पिन असे नाव दिले. १९५४ साली न्यूयॉर्कजवळच्या एका मनोरुग्णालयात डॉ. नेथन क्लाइन यांनी तो मनोरुग्णांना देऊन पाहिला. बिहारच्या बाजारातली "पागल की दवा" अशी सातासमुद्रापलीकडे गेली. १९५६ साली वुडवर्ड या अमेरिकन शास्त्रज्ञाने तो क्षार प्रयोगशाळेत कृत्रिम रीतीने बनवूनही दाखवला. डॉ. वकिलांना १९५७ साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला आणि १९५८ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. १९७४ साली ते वारले.

आपल्या उपनगरांचाही या कथेला थोडासा स्पर्श आहे. ज्या सिबा कंपनीने रेसर्पिन काढले, तिचे संशोधन केंद्र १९६३ साली गोरेगावला सुरू झाले आणि पंडित नेहरूंनी त्याचे उद्घाटन केले. रसायनशास्त्रज्ञ डॉ. टी. आर. गोविंदाचारी हे त्याचे प्रमुख होते. आपल्या भारतीय वनस्पतींतले गुण शोधण्याचे कामही तेथे चाले. आता ते केंद्र राहिलेले नाही. पण गोरेगावला बसमधून जाताना माझ्या मनात येते की आमच्या आजींच्या चिंधीतली मुळी केवढा फेरा घेऊन या गावाच्या जवळ परत आली होती!

ही मुळी शरीरात काय करते, हे मुलीने मला असे समजावले. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांशी काही रसायनांचा साठा असतो. मेंदूचा निरोप पोचवण्याचे काम ती रसायने करतात. ती सुटली की रक्तवाहिन्या आवळतात, छाती धडधडते, माणूस सावध होतो. रेसर्पिन हा साठाच हळूहळू रिकामा करते. कोठीतले धान्य संपले म्हणजे स्वयंपाक मंदावतो, तसे. रक्तवाहिन्या सैल पडतात, नाडी मंद होते, रक्तदाब उतरतो. पण तोच साठा मेंदूतही असतो आणि मनाची उमेद त्याच रसायनांवर अवलंबून असते. तो रिकामा झाला की माणूस शांत होतो, फार रिकामा झाला की खिन्न होतो. शिवाय कोठी पुन्हा भरायला वेळ लागतो. औषध बंद केले तरी परिणाम कित्येक दिवस रेंगाळतो.

यातूनही विज्ञानाला एक लाभ झाला. स्वीडनच्या कार्लसन या शास्त्रज्ञांनी १९५७ साली सशांना रेसर्पिन दिले. ससे जागच्या जागी निश्चल झाले. मग त्यांना एक दुसरे द्रव्य टोचले, तशी ती पुन्हा हिंडू लागली. त्यावरून कंपवाताच्या रोग्यांच्या मेंदूत काय कमी पडते ते कळले आणि त्यावर आजही दिले जाणारे औषध पुढे निघाले. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. कंपवाताने हात थरथरणाऱ्या आपल्या एखाद्या आजोबांना पाण्याचा पेला धरता येतो, त्यात या कोकणी मुळीचाही काही वाटा आहे.

पण रेसर्पिनची दुसरी बाजू लवकरच दिसू लागली. रोगी सुस्त होत, नाक चोंदे, पोटात आम्ल वाढे, आणि काही जण इतके उदास होत की त्यांना जगणे नकोसे वाटे. हळूहळू रक्तदाबावर दुसरी, अधिक सुरक्षित औषधे निघाली आणि डॉक्टरांनी हे औषध मागे ठेवले. आज ते क्वचितच दिले जाते.

आता आमच्या घरची गोष्ट. काही वर्षांपूर्वी माझ्या सासूबाईंना रक्तदाब असल्याचे निघाले. डॉक्टरांनी गोळी सुरू केली. ती त्या नेमाने घेत. त्याच सुमारास रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या एका विक्रेत्याकडून त्यांनी मुळीचे चूर्ण आणले. "आमच्या आत्याबाई देत होत्या तेच हे," असे त्या म्हणाल्या. मीही काही बोलले नाही, कारण नाव ओळखीचे होते. आजींचे मूळ म्हणजे घरचेच माणूस! सकाळी एक चमचा, रात्री एक चमचा असा क्रम सुरू झाला. गोळीही चालूच.

दोन-तीन आठवड्यांत सासूबाई बदलल्या. दिवसभर पेंगत. नाक सदा चोंदलेले. टीव्हीवरचे कीर्तन लावले तरी पाहत नसत. नातवंडे जवळ आली तर तोंड फिरवीत. ज्या बाईने संपाच्या वर्षी पापड लाटून घर चालवले, ती भिंतीकडे तोंड करून म्हणू लागली, "आता मला काही नको, मला जाऊ द्या." आम्हाला वाटले, वय झाले. यजमान म्हणाले, गावाची आठवण येत असेल. एका पहाटे त्या मोरीत कोसळल्या. हात थंडगार आणि नाडी इतकी मंद की मला सापडेना. रिक्षा करून इस्पितळात नेले. डॉक्टरांनी विचारले, "गोळीशिवाय आणखी काय घेतात?" मी गप्प राहिले. मुलगी घरी धावली आणि पुडी घेऊन आली. ती पाहून डॉक्टर एवढेच म्हणाले, "दोन्ही औषधे एकच काम करीत होती." चूर्ण बंद झाले. नाडी चार दिवसांत सावरली, पण मन सावरायला महिना-दीड महिना लागला. एके दिवशी त्यांनी आपणहून विळी ओढून घेतली आणि मेथी निवडायला बसल्या, तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

त्यानंतर मी पुष्कळ विचार केला. आजींचे औषध खोटे होते काय? नव्हते. त्या मुळीत खरोखरच गुण होता, म्हणून तर साऱ्या जगाने ती उचलली. पण जिच्यात बरे करण्याची ताकद आहे, तिच्यात बिघडवण्याचीही आहे. आजींचा एक वेढा आणि डॉ. वकिलांची रोजनिशी, दोन्हींत माप होते. चमचाभर चुर्णात ते नव्हते. शिवाय एका प्रांतातल्या मुळीतला गुण दुसऱ्या प्रांतातल्या मुळीत तितकाच असतो असे नाही; पुडीत किती आहे, आणि मूळ त्याच झुडपाचे आहे की दुसऱ्याच कोणाचे, हे पुडी पाहून कळत नाही. रेसर्पिनची गोळी पाव मिलिग्रॅमची, म्हणजे मिठाच्या दोन-चार कणांएवढ्या औषधाची असे. ज्या वस्तूचे माप इतके बारीक, ती चमच्याने खायची नसते.

दुसरी गोष्ट झुडपाची. तुळशीचे पान तोडले तर तुळस पुन्हा फुटते. अडुळशाची पाने काढली तरी अडुळसा जगतो. पण मूळ औषधी असले की औषध काढणे म्हणजे झाडच उपटणे. जगभर मागणी वाढली तशी आपल्या जंगलांतून ही झुडपे पोत्यांनी उपटली गेली. बी फारसे रुजत नाही आणि मूळ उपयोगाचे व्हायला दीड-दोन वर्षे तरी लागतात. शेवटी १९९० साली आंतरराष्ट्रीय करारानुसार तिच्या व्यापारावर नियंत्रण आले. आता शेतकरी तिची लागवड करतात, तोच खरा मार्ग. आपल्या मुलुंडच्या मागे राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आहे. पावसाळ्यात तेथल्या पाड्यांवरच्या बाया बाजारात टाकळा, कुरडू, शेवळे घेऊन येतात. त्यांच्याकडून रानभाज्या जरूर घ्याव्यात आणि ओळखायलाही शिकावे. पण कोणी मुळी विकू लागला तर ती घेऊ नये, आणि आपणही डोंगरातून काही उपटून आणू नये. तसे करणे कायद्यानेही गुन्हा आहे.

माझ्या सूचना थोड्या आहेत. रक्तदाबाची गोळी चालू असताना कोणतीही मुळी, काढा किंवा चूर्ण डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये. घेत असल्यास लपवू नये. डॉक्टर रागावतील म्हणून मी गप्प राहिले, ती माझी मोठी चूक झाली. आयुर्वेदावर श्रद्धा असेल तर शिकलेल्या वैद्याकडे जावे, रस्त्यावरच्या पुडीकडे नव्हे. घरातले वडीलधारे माणूस एकाएकी अबोल झाले, सुस्त झाले, तर "वय झाले" म्हणून सोडून देऊ नये. ते काय काय घेते आहे ते आधी पाहावे. आणि वर्धापनदिनाच्या दिवशी मंडळाच्या सभागृहात सर्व भगिनींचा रक्तदाब मोजण्याची व्यवस्था कार्यकारिणीने करावी, अशी माझी नम्र विनंती आहे. येताना प्रत्येकीने आपण घेत असलेल्या औषधांबरोबर घरगुती औषधांचीही चिठ्ठी लिहून आणावी. पुडीवाल्या भगिनींना मी हे सारे त्याच दिवशी सांगितले आहे. त्या रागावल्या नाहीत.

आजींचा बटवा अजून आमच्या कपाटात आहे. त्यातले अडकईचे मूळ आता इतके वाळले आहे की सहाणेवर उगाळले तरी काही उतरणार नाही. पण मी ते टाकले नाही. सासूबाई कधीतरी तो बटवा उघडतात, एकेक वस्तू हातात घेऊन नातीला नाव सांगतात, आणि मूळ हाती आले की म्हणतात, "हे फक्त बघायचे. आत्याबाई एकच वेढा देत असत."